वडिलांना बीपीचं सगळं माहीत आहे, तरी गोळ्या सोडतात. काय करावं?

प्रश्न पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा आहे. वडील ६२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, सातारा जिल्ह्यात गावी राहतात. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० अशा दोन गोळ्या चालू आहेत. मीठ कमी खावं, लकवा मारू शकतो, किडनीवर परिणाम होतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पारावर बसून दुसऱ्यांनाही सांगतात. पण मशीनवर आकडा चांगला आला की स्वतःच्या गोळ्या बंद. महिना-दीड महिन्याने वाढला की पुन्हा सुरू. मध्यंतरी एकदा १८४/१०४ आलं, तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात जिभेखाली कॅप्सूल फोडून दिली. "त्यांना आता अजून काय समजावून सांगू?" असं तिने विचारलंय. ती कॅप्सूल देणं बरोबर होतं का, हेही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. असे वडील माझ्याकडे रोज येतात. पहिलं उत्तर एका ओळीचं आहे: समजावणं थांबवा, विचारायला लागा. बाकीचं जरा लांब आहे.

समजावून उपयोग होत नाही, हे मी मनाचं सांगत नाही. १९७०च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टन गावी पोलाद कारखान्यातल्या कामगारांवर एक प्रयोग झाला. डेव्हिड सॅकेट, ब्रायन हेन्स वगैरे मंडळींनी रक्तदाब वाढलेले २३० कामगार घेतले. काहींना आजाराची माहिती अगदी घोटून शिकवली, नीट कळेपर्यंत. काहींना कारखान्यातच, कामाच्या वेळात डॉक्टरला दाखवायची सोय करून दिली. सहा महिन्यांनी पाहिलं तर शिकवलेल्या कामगारांना बीपीबद्दल इतरांपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं, पण गोळ्या ते इतरांइतक्याच घेत होते. सोय करून दिलेल्यांतही फरक नाही. हे १९७५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्याच मंडळींनी, जे गोळ्या घेत नव्हते आणि ज्यांचं बीपी ताब्यात नव्हतं अशाच कामगारांना घेऊन दुसरा प्रयोग केला. या वेळी शिकवणी नाही. आपलं बीपी आपण मोजायचं, कागदावर मांडायचं, गोळी रोजच्या एखाद्या सवयीला बांधायची आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तो कागद पाहायचा. पाहणारी व्यक्ती डॉक्टर किंवा नर्ससुद्धा नव्हती. या लोकांचं गोळ्या घेणं वाढलं.

याला पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडे अजून दर १७ मेला, जागतिक उच्च रक्तदाब दिनाला, भिंतीवर तक्ते लागतात ते मीठ आणि लकव्याचेच. विद्यार्थी प्रबंधासाठी प्रश्नावल्या घेऊन येतात, त्यातही 'उच्च रक्तदाब म्हणजे काय' याला गुण असतात आणि 'गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या' हा प्रश्न शेवटच्या पानावर, तोवर रुग्ण कंटाळलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली जो अहवाल काढला, त्यात श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं सरासरी निम्मेच लोक सांगितल्याप्रमाणे घेतात असं म्हटलं होतं. म्हणजे तुमचे वडील काही जगावेगळे नाहीत. हे त्यांना सांगितलंत तरी चालेल, बरं वाटेल.

आता त्यांच्याकडे कोणती माहिती आहे आणि कोणती नाही ते पाहू. आजार काय करतो ते त्यांना माहीत आहे. आपल्या डब्यातल्या दोन गोळ्या काय करतात, ते बहुधा कुणी सांगितलेलं नाही. ॲम्लोडिपिन हे सावकाश चालणारं औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीपी मोजलं तर ते अजून बरंच ठीक असतं. माणूस म्हणतो, "बघा, गोळी न घेता १३२ आहे, म्हणजे गरजच नव्हती." तो आकडा मागच्या गोळ्यांचा असतो. आठवडाभरात औषध निघून जातं, मग बीपी हळूहळू वर चढतं, आणि चढताना काही दुखत नाही, खुपत नाही. तोवर मशीन कपाटात गेलेलं असतं. सुरुवातीला याच्या उलट होतं. नवी गोळी चालू केली, दुसऱ्या दिवशी मोजलं, फरक नाही, की "ही लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलायचा. खरं तर बहुतेक गोळ्यांचा पूर्ण गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. माझ्या अनुभवात ही एवढी गोष्ट रुग्णाला नीट कळली, आणि ती त्याच्याच आकड्यांवर बोट ठेवून दाखवली, तर लकव्याच्या दहा चित्रांपेक्षा जास्त उपयोग होतो.

दुसरी अशीच गोष्ट डोक्याची. "डोकं जड झालं की मला कळतं, मग घेतो." बीपी बहुतेकांना कळत नाही. डोकं दुखतं तेव्हा मोजावं तर बऱ्याचदा नेहमीइतकंच असतं. आणि १७० असलेला माणूस मजेत चहा पीत बसलेला असतो. लक्षण पाहून गोळी घेणारा माणूस वर्षातून फार तर वीस-पंचवीस दिवस औषधावर असतो, तेही बहुधा चुकीच्या दिवशी.

"गेल्या आठवड्यात किती राहिल्या?" हा प्रश्न कसा विचारायचा यालाही पद्धत आहे. "बाबा, गोळ्या घेता ना वेळेवर?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येणार. तसं उत्तर द्यायला तुम्हीच भाग पाडलेलं असतं. मी असं म्हणतो: "रोजची गोळी सगळ्यांचीच कधी ना कधी राहते. तुमची गेल्या सोमवारपासून किती वेळा राहिली असेल?" मग माणूस बोटं मोजायला लागतो. एक म्हणाला, "डॉक्टर, राहिली नाही, ठेवली." म्हणजे विसरला नव्हता, ठरवून घेतली नव्हती. विसरणारा आणि ठरवून न घेणारा यांना एकच उपाय चालत नाही. विसरणाऱ्याला डबा, अलार्म, कॅलेंडर पुरतं. ठरवून सोडणाऱ्याला अलार्म लावून दिलात तर तो अलार्म बंद करायला शिकतो.

आणि ठरवून सोडणाऱ्यांकडे कारण असतं. ते आपल्याला पटेलच असं नाही, पण असतं. ॲम्लोडिपिनने पावलं सुजतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. मग कुणीतरी सांगतं, सूज म्हणजे किडनी गेली. ही सूज बहुतेक वेळा गोळीमुळे रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते, डोस कमी केला की उतरते, जोडीला टेल्मिसार्टनसारखं औषध असेल तर मुळातच कमी येते. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्याच दुसऱ्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, तो कफ सिरपने जात नाही, गोळी बदलूनच जातो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाया ती सकाळी घेत नाहीत, कारण जायचं कुठे? ड्रायव्हर-कंडक्टर लोकांचंही तेच. या बायका औषधाबाबत निष्काळजी आहेत असं लिहिणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर दिवसभर बांधावर थांबून पाहावं. आणि पुरुषांचं एक कारण असं असतं की ते मुलीला कधीच सांगणार नाहीत. लैंगिक अडचण काही जुन्या बीटा-ब्लॉकरने (नाडी संथ करणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी) आणि लघवीच्या गोळ्यांनी येऊ शकते, आणि खुद्द वाढलेल्या बीपीनेही येते. वडिलांच्या आताच्या दोन गोळ्यांचा त्या बाबतीत फारसा दोष नसतो, पण त्यांना तशी शंका असेल तर त्यांना डॉक्टरकडे एकटं बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

"गोळ्यांनी किडनी खराब होते" ही भीती तर घराघरात आहे. किडनीला मार बसतो तो वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीचा. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. टेल्मिसार्टन चालू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वर जाऊ शकतं, पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ती तपासणी सुरुवातीला आणि मग अधूनमधून करतात. त्याच कारणाने हे औषध चालू असताना पोटॅशियम असलेलं 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना न विचारता आणू नका.

आता एक काम तुम्ही स्वतः करायचं. पुढच्या वेळी गावी गेलात की औषधांची पिशवी टेबलावर ओता. गोळ्यांचा डबा नको, पिशवी. बिस्किटाचा डबा, फ्रीजवरचा डबा, शर्टाचा खिसा, सगळं. मी दवाखान्यात हेच करायला लावतो आणि फाइल वाचण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. मेडिकलवाल्याने दहाच्या स्ट्रिपमधून पाच कापून दिलेल्या असतात, आणि नाव नेमकं कापून टाकलेल्या अर्ध्यावर राहिलेलं असतं. उरलेल्यावर नुसतं '...टन ४०' दिसतं, मुदतीची तारीखही नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन रंगांच्या स्ट्रिप असतात आणि आत औषध एकच, एक जुन्या डॉक्टरांनी दिलेली, एक नव्या. माणूस दोन्ही घेतो, चक्कर येते, मग दोन्ही सोडतो. मागच्या वेळी पांढरी गोल गोळी होती, या वेळी गुलाबी लांबट मिळाली, म्हणून "ही ती नव्हे" असं ठरवून बाजूला ठेवलेली पूर्ण स्ट्रिपही मला सापडलेली आहे. गोळीचा रंग किंवा आकार बदलला की लोक औषध सोडण्याचं प्रमाण वाढतं, हे अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांमध्येही दिसलेलं आहे. म्हणून वडिलांना कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव पाठ करू द्या. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन. एसटीत आयुष्यभर तिकिटांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला दोन नावं जड नाहीत.

पिशवीत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, सोडा घातलेली फसफसणारी पावडर दिसली तर बाजूला काढा आणि डॉक्टरांना दाखवा. यातली बरीच बीपी वाढवतात.

यात डॉक्टरांचाही एक घोळ असतो, तोही सांगतो. महिनाभर गोळ्या सोडलेला माणूस तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस नेमाने घेतो. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करण्यातला हा प्रकार. तरी आकडा १६० येतो, कारण तीन दिवसांत औषध पुरतं लागत नाही. "गोळ्या घेता?" "हो." डॉक्टर डोस वाढवतात, तिसरी गोळी लिहितात. घरी कुणीतरी ओरडतं, मग तो आठ दिवस तिन्ही मनापासून घेतो, बीपी १०४ वर येतं, न्हाणीघरात चक्कर येते. आता त्याच्याकडे अनुभवाचा पुरावा आहे की गोळ्या वाईट. औषधांना दाद न देणारा रक्तदाब म्हणून जे रुग्ण मोठ्या दवाखान्यात पाठवले जातात, त्यांच्यातल्या पुष्कळांचं मूळ दुखणं हे असतं. तुमच्या वडिलांनी डॉक्टरांना खरं सांगितलं की "गेले वीस दिवस घेतली नव्हती", तर ते रागावतील कदाचित, पण चुकीचा डोस तरी लिहिणार नाहीत. आणि रागावले तर मी म्हणेन डॉक्टर बदला.

मोजण्याबद्दल थोडं, कारण तुमच्या वडिलांचे सगळे निर्णय त्या मशीनवर चालतात आणि ते मशीन कसं वापरलं जातं ते पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. दंडावर पट्टा बांधायचं स्वयंचलित मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. लघवी करून यायचं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. बाही वर सरकवून आवळायची नाही, उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, आणि वडिलांना हेच सगळ्यात अवघड जाईल. बोलण्याने, भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहाच्या घरात सहज वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे, आवडलेला एक नाही.

पण रोज उठून मोजायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. दिवसातून सहा वेळा मोजणारे लोक आकड्यांच्या मागे गोळी लावतात आणि काढतात. डॉक्टरकडे जाण्याआधीचा एक आठवडा सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली हवी, कारण दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं १३५/८५ असं धरतात. बऱ्याच रुग्णांत डॉक्टर त्याहून खालचं लक्ष्य ठेवतात. वडिलांचं लक्ष्य काय, ते डॉक्टरांना विचारून कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा. एरवी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, एवढं पुरे. त्या कागदाचा फोटो तुम्हाला पाठवायला सांगा आणि तुम्ही तो खरंच पाहा, पाहिल्याचं कळवा. हॅमिल्टनच्या दुसऱ्या प्रयोगातलं पंधरा दिवसांनी कागद पाहणारं माणूस इथे तुम्ही आहात. 'का नाही घेतली' हे फोनवर विचारू नका. खाडे दिसले तर नुसतं "गुरुवार-शुक्रवार गावाला होतात का?" एवढंच.

गोळी कधी घ्यायची, सकाळी की रात्री, यावर व्हॉट्सॲपवर बरीच हमरीतुमरी चालते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला 'टाइम' नावाचा अभ्यास २०२२ साली आला. झटके, लकवा, मृत्यू यांत सकाळी आणि रात्री घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. मग ज्या वेळी राहणार नाही ती वेळ. सकाळचा चहा, दात घासणं, देवपूजा, यातलं जे वडिलांचं कधीच चुकत नाही त्याच्या शेजारी गोळ्या ठेवा, म्हणजे अक्षरशः चहाच्या डब्याशेजारी किंवा देवघरात. स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी बाजूला बॉलपेनने वार लिहून ठेवायचे. याला पैसे लागत नाहीत आणि "आज घेतली का नाही?" हा वाद मिटतो. राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच, दोन नाही.

दोन गोळ्यांची एक करता येते का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन एकाच गोळीत सर्रास मिळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा जोडगोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. गोळ्यांची संख्या कमी झाली की नेम टिकतो, आणि 'एक घेतली, एक ठेवली' हा खेळ बंद होतो.

नेम मोडतो तो बहुधा घराबाहेर. लग्नसराई, पाहुणे, आषाढीची वारी, पोरीकडे पुण्याला आलेले चार दिवस. पाकिटात किंवा शबनममध्ये चार दिवसांच्या गोळ्या कायमच्या ठेवा. उपासाचं म्हणाल तर बीपीची गोळी पाण्याबरोबर रिकाम्या पोटी चालते, तिने एकादशी मोडत नाही. गावातल्या कीर्तनकाराकडून हे वदवून घेता आलं तर माझ्यापेक्षा जास्त वजन पडतं.

पैशाचं कारण असेल तर तेही विचारा, निवृत्तीनंतर मुलीकडे मागायला अनेकांना संकोच वाटतो. महिनाअखेरीला एक दिवसाआड गोळी घेणारे मी पाहतो. तुमचे वडील सातारा जिल्ह्यात आहेत, ही एक जमेची बाजू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आरोग्य मंत्रालय, राज्यं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७च्या नोव्हेंबरात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. त्यातली कल्पना साधी होती: ठरलेली मोजकी औषधं, ती द्यायचा सगळ्यांना एकच क्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, आणि शक्य तिथे उपकेंद्रापर्यंत त्या पोचवणं, म्हणजे गोळ्यांसाठी दर वेळी तालुक्याला रोज बुडवून यायला नको. आला नाही त्याला फोन करायचा. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दोन्ही गोळ्या अशा क्रमातल्याच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. तिथे कधी साठा संपलेला असतो, हेही खरं, म्हणून हातात आठवड्याच्या गोळ्या उरलेल्या असतानाच पुढच्या आणायच्या. तिथे नाही तर जनऔषधी केंद्र.

आशाताईशी बोलून ठेवा. आणि जाताजाता: आईचं बीपी शेवटचं कधी मोजलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१च्या फेरीत, १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के रक्तदाब वाढलेला आढळला. फरक एवढासाच. दवाखान्यात मात्र नवऱ्याच्या गोळ्यांची आठवण ठेवणाऱ्या बायका येतात, स्वतःचा दंड पुढे करत नाहीत.

"एकदा सुरू केली की जन्मभर" या वाक्याला वडील घाबरत असतील, तर त्यांच्याशी सरळ सौदा करा. गोळ्या कमी होऊच शकत नाहीत असं मुळीच नाही. वजन उतरलं, मीठ खरंच कमी झालं, चालणं वाढलं की डोस कमी करता येतो, काहींची एखादी गोळी सुटतेही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बीपी आपोआप थोडं उतरतं, तेव्हाही आम्ही कधी कधी डोस खाली आणतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाहतो. पण हे आकड्यांच्या कागदावर ठरतं. म्हणून सौदा असा: तीन महिने एकही खाडा नाही, दर रविवारचा आकडा लिहिलेला, मग तो कागद घेऊन वडिलांनीच डॉक्टरांना विचारायचं, "कमी करता येईल का?" स्वतःहून बंद करणारा माणूस बहुधा हा निर्णय आपल्या हातात असावा म्हणूनच बंद करत असतो. तो त्यांच्या हातात द्या, पण डॉक्टरांसमोर. आणि त्यांना हेही सांगा की वरचा आकडा नुसता ५ ने खाली राहिला तरी हृदयविकार, लकवा अशा मोठ्या घटनांचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. हे बऱ्याच मोठमोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०२१ साली निघालेलं आहे.

मिठावर फार लिहीत नाही, ते त्यांना येतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं मिळून. फक्त वरून घ्यायचं मीठ बंद केलं की काम झालं असं ते समजत असतील तर लोणचं, पापड, फरसाण, ठेचा, सुकट-बोंबील यांचा हिशेब त्यांनाच करायला लावा. लसूण, दुधीचा रस वगैरेंबद्दल विचारतील. लसूण भाजीत खुशाल खा. दुधी कडू लागला तर रस मुळीच पिऊ नका, तो विषारी असू शकतो. सर्पगंधेचं नाव काढतील तर ते मात्र खरं औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसरपिन काढलं गेलं, जगभर वापरलं गेलं, आणि मन खचणं, सुस्ती अशा त्रासांमुळे व चांगली औषधं आल्यामुळे मागे पडलं. आज कुणी पुडीतून देत असेल तर त्यात किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता ती कॅप्सूल. ती बहुधा निफेडिपिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाची असणार. पूर्वी हे सर्रास करत. आता करू नये. जिभेखाली फोडलेल्या निफेडिपिनने बीपी किती आणि किती वेगाने पडेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही, आणि अचानक पडल्याने मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटून लकवा, झटका आल्याच्या घटना आहेत. त्यामुळे १९९०च्या दशकातच हा प्रकार धोक्याचा ठरवला गेला. वडिलांना काही झालं नाही, हे बरं झालं. पुढच्या वेळी "जिभेखाली नको" असं म्हणायचा त्यांना अधिकार आहे.

१८० च्या वर आकडा आला आणि बाकी काही त्रास नसेल, तर शांत बसवा, पाच-दहा मिनिटांनी नीट पुन्हा मोजा. त्या दिवसाची नेहमीची गोळी राहिली असेल तर ती द्या, जास्तीची नाही. तरी आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण बंद केलेल्या गोळ्या हेच निघतं. पण आकड्याबरोबर छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक धूसर दिसणं, असंबद्ध बडबड, यांपैकी काहीही असेल तर गावातल्या दवाखान्यात थांबू नका, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. लकव्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते लिहून न्या, सोबत गोळ्यांची पिशवी न्या, आणि गोळ्या किती दिवसांपासून बंद होत्या ते खरं सांगा.